फोल्डर किती मोठा? एका मोजणीचा इतिहास

शाळेतल्या संगणकावर एखादा भरगच्च फोल्डर निवडून, माउसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. एक गंमत दिसेल. फोल्डरचा आकार एकदम दिसत नाही. आधी लहानसा आकडा येतो, मग तो भराभर वाढत जातो आणि काही सेकंदांनी स्थिर होतो. एखाद्या फाइलीच्या बाबतीत असे होत नाही. फाइल कितीही मोठी असली तरी तिचा आकार तत्क्षणी हजर असतो.

त्याच चौकटीत दुसरी गंमत आहे. आकाराचे आकडे एक नसून दोन असतात. एक 'साइज' आणि दुसरा 'साइज ऑन डिस्क'. ते सहसा जुळत नाहीत. एखाद्या चौकस विद्यार्थ्याने 'यातला खरा कोणता?' असे विचारले तर काय सांगायचे?

दोन्ही आकडे खरे आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. हे प्रश्न वेगळे आहेत ही जाणीव एका दिवसात झालेली नाही. 'फाइल किती मोठी?' या साध्या प्रश्नाचे उत्तर देणारे प्रोग्रॅम लिहिता लिहिता, चुका करत आणि त्या कबूल करत, संगणकशास्त्रज्ञांना ती झाली. तो इतिहास आपण थोडक्यात पाहू या.

गठ्ठ्यापासून आयनोडपर्यंत

डिस्क सर्रास वापरात येण्यापूर्वी संगणकाला द्यायची माहिती छिद्रे पाडलेल्या कार्डांवर असे. आयबीएम कंपनीने १९२८ साली आणलेल्या कार्डावर ८० उभे रकाने होते. एका रकान्यात एक अक्षर. फाइल म्हणजे कार्डांचा गठ्ठा, आणि तिचा आकार म्हणजे कार्डांची संख्या. कार्डावर पाचच अक्षरे असली तरी कार्ड एकच मोजले जाई. म्हणजे मजकूर किती आणि त्याने अडवलेली जागा किती, हा फरक तेव्हाही होता. पण जागा हाताने चाचपता येत असल्यामुळे तो कोणाला खटकत नसे.

डिस्कवर फाइली ठेवू लागल्यावर त्यांची संख्या वाढली आणि त्या लावून ठेवण्याचा प्रश्न आला. १९६५ साली रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी मल्टिक्स या नियोजित संगणक-व्यवस्थेसाठी एक आराखडा मांडला. त्यात फाइली ठेवण्यासाठी डिरेक्टरी होत्या, आणि डिरेक्टरीत आणखी डिरेक्टरी ठेवता येत होत्या. आज आपण ज्याला फोल्डर म्हणतो, त्याचे मूळ या झाडासारख्या रचनेत आहे.

मल्टिक्सच्या कामातून बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये बाहेर पडली. तिथल्या केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी त्याच साली एका लहान संगणकावर स्वतःची सुटसुटीत व्यवस्था उभारायला घेतली. तिचे नाव युनिक्स. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीमागे डिस्कवर एक नोंद असते, तिला आयनोड म्हणतात. फाइलीचा मालक कोण, तिचा आकार किती बाइट आणि तिचा मजकूर डिस्कच्या कोणकोणत्या कप्प्यांत आहे, हे सारे आयनोडमध्ये लिहिलेले असते. फाइलीचे नाव मात्र त्यात नसते. नाव असते डिरेक्टरीत.

डिरेक्टरी म्हणजे तरी काय? एक साधी यादी. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत या यादीतली प्रत्येक नोंद १६ बाइटची होती. २ बाइटांत आयनोडचा क्रमांक आणि १४ बाइटांत नाव. समजा, डिरेक्टरीत २० फाइली आहेत. स्वतःची आणि वरच्या डिरेक्टरीची अशा दोन नोंदी धरून २२ नोंदी होतात. म्हणजे ३५२ बाइट. त्या २० फाइलींत एकेक ओळ असो की एकेक ग्रंथ, यादी तेवढीच राहणार. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या यादीची पाने मोजून पुस्तकांची पाने कळत नाहीत, तसेच हे.

फाइलीचा आकार तत्क्षणी दिसतो आणि फोल्डरचा वाढत जाताना दिसतो, याचे कारण हे आहे. फाइलीचा आकार लिहून ठेवलेला असतो. फोल्डरमधल्या मजकुराची बेरीज सहसा कोठेच लिहिलेली नसते. विचारले की प्रत्येक वेळी ती नव्याने करावी लागते.

'डीयू' नावाची आज्ञा

ही बेरीज करणारा प्रोग्रॅम युनिक्सच्या अगदी पहिल्या माहितीपुस्तिकेत आहे. पुस्तिकेवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. प्रोग्रॅमचे नाव 'डीयू', म्हणजे 'डिस्क यूसेज' या शब्दांची आद्याक्षरे. पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी लिनक्स आणि मॅक संगणकांवर ही आज्ञा याच नावाने चालते.

तिची कृती मराठीत अशी लिहिता येईल:

१. दिलेल्या फोल्डरची यादी उघडा. बेरीज शून्य धरा.
२. यादीतली एक नोंद घ्या.
३. ती फाइल असेल, तर तिने व्यापलेली जागा बेरजेत मिळवा.
४. तो फोल्डर असेल, तर त्याच्यासाठी हीच कृती पायरी १ पासून करा आणि आलेले उत्तर बेरजेत मिळवा.
५. नोंदी संपेपर्यंत पायरी २ कडे जा. संपल्यावर बेरीज सांगा.

चौथी पायरी महत्त्वाची आहे. तिथे कृती स्वतःलाच बोलावते. संगणकशास्त्रात याला रिकर्शन म्हणतात. फोल्डर किती खोलवर गेले आहेत हे आधी माहीत असण्याची गरज नाही. सर्वांत आतल्या फोल्डरचे उत्तर मिळाले की ते बाहेरच्याला मिळते, त्याचे त्याच्या बाहेरच्याला. वर्गात हे नाट्यरूपाने करून दाखवता येते. प्रत्येक फोल्डर म्हणजे एक विद्यार्थी. तो आपल्या हाताखालच्यांना 'तुझे किती?' असे विचारतो आणि सर्वांची उत्तरे आल्याशिवाय स्वतःचे उत्तर देत नाही.

सामाईक विहीर कोणाच्या नावावर?

कृती सोपी दिसते, पण तिसऱ्या पायरीत दोन खाचखळगे आहेत.

पहिला असा. नाव डिरेक्टरीत आणि मजकूर आयनोडकडे, अशी विभागणी असल्यामुळे युनिक्समध्ये एकाच फाइलीला दोन ठिकाणी दोन नावे देता येतात. मजकूर डिस्कवर एकदाच असतो, नावे दोन. आता यादी वाचत जाणारा आपला प्रोग्रॅम ती फाइल दोनदा मोजणार. दोन भावांच्या सातबाऱ्यांवर सामाईक विहिरीची नोंद असते. सातबारे मोजून गावातल्या विहिरी मोजल्या तर एक विहीर जास्त भरते, तसेच हे.

यावर उपाय म्हणजे मोजलेल्या आयनोडांचे क्रमांक लक्षात ठेवायचे आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सोडून द्यायचा. डीयूने तेच केले. पण लक्षात ठेवायलाही जागा लागते, आणि तेव्हा स्मृती तुटपुंजी होती. सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत डीयूच्या पानावर 'दोष' या सदराखाली स्पष्ट लिहिले आहे की, अशा दुहेरी नावांच्या फाइली फार झाल्या तर जास्तीच्या फाइली पुन्हा पुन्हा मोजल्या जातील. मापनाच्या साधनासोबत त्याची मर्यादाही लिहून देण्याची ही पद्धत प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही आवडावी अशीच आहे.

दुसरा खळगा उलट्या बाजूचा आहे. युनिक्समध्ये फाइलीच्या आरंभी एक अक्षर लिहून, मधले दहा लाख बाइट सोडून, पुढे दुसरे अक्षर लिहिता येते. मधल्या भागात काहीच लिहिलेले नसल्यामुळे व्यवस्था त्यासाठी कप्पेच देत नाही. फाइलीचा आकार दहा लाख बाइटांहून थोडा जास्त दिसतो, पण डिस्कवर तिने दोन-चार कप्पेच अडवलेले असतात. आकाराला कप्प्याच्या मापाने भागून जागा काढणारा प्रोग्रॅम इथे हमखास फसतो. म्हणून १९८३ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने काढलेल्या युनिक्सच्या ४.२ आवृत्तीत फाइलीची माहिती विचारली की दोन वेगळे आकडे मिळू लागले. एक, आकार किती बाइट. दुसरा, प्रत्यक्षात दिलेले कप्पे किती. 'प्रॉपर्टीज'च्या चौकटीतला 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' हा भेद तोच आहे.

बर्कलीची मोजणी

या दोन आकड्यांमधला फरक किती मोठा असू शकतो, हे बर्कलीतच मोजले गेले. मार्शल कर्क मॅक्युसिक, विल्यम जॉय, सॅम्युअल लेफ्लर आणि रॉबर्ट फॅब्री यांचा तो निबंध १९८४ साली प्रसिद्ध झाला.

त्यांची अडचण अशी होती. डिस्कवरची जागा ठराविक मापाच्या कप्प्यांत वाटलेली असते. या कप्प्याला ब्लॉक म्हणतात. एका कप्प्यात दोन फाइली राहत नाहीत. स्वयंपाकघरातल्या एकसारख्या डब्यांप्रमाणे हे आहे. चिमूटभर हिंग ठेवला तरी डबा फळीवर पुरती जागा अडवतो. युनिक्समधले कप्पे मुळात ५१२ बाइटचे होते. कप्पे लहान म्हणून वाया जाणारी जागा कमी. पण एका मोठ्या फाइलीचे शेकडो कप्पे डिस्कभर विखुरलेले, आणि ते गोळा करण्यात वेळ जाई. डिस्कच्या वेगाचा जेमतेम २ टक्के भाग उपयोगात येत होता. कप्पे मोठे केले तर वेग वाढेल, पण जागा किती वाया जाईल?

अंदाज करत बसण्याऐवजी त्यांनी आपल्याच संगणकांवरच्या फाइली मोजल्या. सर्व फाइलींचा निव्वळ मजकूर भरला ७७५.२ मेगाबाइट. तोच मजकूर, आयनोडांसह, ५१२ बाइटच्या कप्प्यांत ठेवला तर ८२८.७ मेगाबाइट लागतात, म्हणजे ६.९ टक्के जादा. १,०२४ बाइटच्या कप्प्यांत ११.८ टक्के जादा, २,०४८ च्या कप्प्यांत २२.४ टक्के आणि ४,०९६ च्या कप्प्यांत तब्बल ४५.६ टक्के जादा. याचा अर्थ असा की, बहुसंख्य फाइली अगदी लहान होत्या.

या आकड्यांनीच तोड सुचवली. कप्पा ४,०९६ बाइटचाच ठेवायचा. मात्र लहान फाइलीसाठी आणि फाइलीच्या शेवटच्या तुकड्यासाठी त्याचे दोन, चार किंवा आठ भाग करून द्यायचे. त्यामुळे वाया जाणारी जागा लहान कप्प्यांइतकीच राहिली आणि वेग दहापटीपर्यंत वाढला. फाइलींचे आकार मोजणारा प्रोग्रॅम इथे केवळ हिशेब सांगणारा राहिला नाही. त्याच्या आकड्यांवरून पुढची रचना ठरली.

आपल्या टेबलावरचे संगणक

लहान संगणकांची वाट निराळी होती. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली तयार केलेल्या सीपीएम या प्रणालीत फाइलीची लांबी १२८ बाइटच्या तुकड्यांतच मोजली जाई. तेव्हाच्या आठ इंची फ्लॉपीवरचा एक तुकडा तेवढाच होता. शेवटच्या तुकड्यात मजकूर नेमका कोठे संपला, याची नोंदच नव्हती! म्हणून मजकुराच्या शेवटी २६ क्रमांकाचे एक खुणेचे चिन्ह लिहिण्याचा रिवाज पडला. पुढे एमएस-डॉसमध्ये फाइलीचा आकार बाइटांत लिहिला जाऊ लागला, तरी ते चिन्ह कितीतरी वर्षे मागे रेंगाळत राहिले.

डॉसने आकार लिहिण्यासाठी ४ बाइट, म्हणजे ३२ द्विमान अंक, राखून ठेवले. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. पेनड्राइव्हवर जागा रिकामी असूनही चार जीबीपेक्षा मोठी चित्रफीत त्यावर जात नाही, असा अनुभव अनेकांना आला असेल. तो पेनड्राइव्ह फॅट-३२ या पद्धतीने आखलेला असतो, आणि आकाराची नोंद तिथे आजही तेवढ्याच चार बाइटांत होते. जागा असते, आकडा लिहायला रकाना पुरत नाही.

याच घराण्यातल्या फॅट-१६ पद्धतीत कप्प्यांचे क्रमांक १६ द्विमान अंकांत लिहीत, म्हणून कप्पे जास्तीत जास्त सुमारे ६५,५३६. दोन जीबीची डिस्क एवढ्याच कप्प्यांत वाटायची तर एकेक कप्पा ३२,७६८ बाइटचा करावा लागे. अशा डिस्कवर प्रत्येकी २,००० बाइटची एक हजार पत्रे ठेवली, तर मजकूर २० लाख बाइट आणि अडलेली जागा ३ कोटी २७ लाख ६८ हजार बाइट. सोळापटींहून अधिक! १९९६ मध्ये आलेल्या फॅट-३२ ने कप्पे पुन्हा लहान केले.

एककाचा घोळ वेगळाच. विज्ञानात 'किलो' म्हणजे १,०००. संगणकात मात्र २ चा दहावा घात, १,०२४, यालाही किलो म्हणण्याची सवय पडली. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर प्रत्यक्षात १,४४० गुणिले १,०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट मावत. हे दशमान पद्धतीने १.४७ आणि द्विमान पद्धतीने १.४१ मेगाबाइट होतात, १.४४ कोणत्याच पद्धतीने नाही. १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १,०२४ साठी 'किबी', 'मेबी' असे वेगळे उपसर्ग मंजूर केले. तरीही एक लाख कोटी बाइटची 'एक टेराबाइट' डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीची दिसते. डिस्क लहान झालेली नसते. भागाकाराचा छेद बदललेला असतो.

तिसरा प्रश्न

आतापर्यंत दोन प्रश्न झाले. मजकूर किती, आणि जागा किती अडली? तिसरा प्रश्न व्यवहारात सर्वांत निकडीचा असतो. हा फोल्डर पुसला तर जागा किती मोकळी होईल?

फाइलीला दुसरे नाव असेल, तर एक नाव पुसून काहीच मोकळे होत नाही. उलट, एखादा प्रोग्रॅम चालू असताना त्याने उघडलेली फाइल युनिक्समध्ये पुसली, तर नाव जाते पण मजकूर तो प्रोग्रॅम संपेपर्यंत डिस्कवरच राहतो. अशा वेळी डीयू आणि 'डीएफ' या दोन आज्ञांची उत्तरे जुळत नाहीत. डीयू नावांच्या वाटेने घरोघर फिरून मोजते. डीएफ डिस्कची खातेवही पाहून किती जागा शिल्लक आहे ते सांगते. ज्या फाइलीला नावच उरले नाही, तिच्या घरी डीयू पोहोचणार कशी? अॅपलने २०१७ साली आणलेल्या फाइल-व्यवस्थेत तर नक्कल केलेली फाइल मूळ फाइलीचेच कप्पे वापरते. दोहोंपैकी एकीत बदल केला, तर फक्त बदललेल्या भागाला नवे कप्पे मिळतात. दोन्ही फाइलींच्या आकारांची बेरीज आणि अडलेली जागा यांचा मेळ तिथे बसतच नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

एका रिकाम्या पेनड्राइव्हवर नोटपॅडमध्ये फक्त 'शाळा' हा शब्द लिहिलेली फाइल साठवा. साठवताना यूटीएफ-८ ही पद्धत निवडा. मग 'प्रॉपर्टीज' पाहण्यापूर्वी विद्यार्थ्यांना आकाराचा अंदाज विचारा. डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने चिन्हे चार आहेत: श, काना, ळ, काना. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून आकार दिसेल १२ बाइट. नोटपॅड जुने असेल तर आरंभी खुणेचे ३ बाइट आणखी धरून १५. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ सालच्या इस्की संकेतात हाच शब्द ४ बाइटांत बसत असे. शेजारचा 'साइज ऑन डिस्क' मात्र हजारांत असेल, कारण तिथे एक अख्खा कप्पा मोजलेला आहे. हाच प्रयोग संगणकाच्या आतल्या डिस्कवर केला तर तो आकडा शून्यही दिसू शकतो. विंडोजची एनटीएफएस पद्धत इतका लहान मजकूर फाइलीच्या नोंदीतच सामावून घेते आणि वेगळा कप्पा देत नाही.

योगायोगाने, यूटीएफ-८ ही पद्धतही १९९२ साली केन टॉम्पसन आणि रॉब पाइक यांनीच आखली. म्हणजे आपल्या 'शाळा'चे बारा बाइट आणि डीयूची पन्नास वर्षांपूर्वीची बेरीज यांचे मूळ एकाच प्रयोगशाळेत सापडते.

दोन, चार, बारा, हजारो आणि शून्य. एकाच शब्दाचे पाच आकार, आणि पाचही बरोबर. विद्यार्थ्यांनी 'खरा कोणता?' असे विचारले की त्यांना उलट विचारावे, 'तुला कशासाठी हवा आहे?' कागदावर लिहायला, पाठवायला, की पेनड्राइव्हवर ठेवायला? काय मोजायचे हे ठरल्याखेरीज 'किती' या प्रश्नाला उत्तर नसते. पट्टी आणि तराजू हाताळताना ही गोष्ट सहज नजरेआड होते. संगणकावरचा तो वाढत जाणारा आकडा तिची आठवण करून देतो.